थांबतो की मी

30 जानेवारी, रात्र

कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढलो. खालच्या बर्थवरचे गृहस्थ फोनवर ओरडून सांगत होते, "अजून तोड आली न्हाई, ऊस वाळाय लागलाय." कोल्हापूरची गाडी कल्याणलाच कोल्हापूर झालेली असते. मी वरच्या बर्थवर गेलो आणि झोप येईना म्हणून हे लिहायला घेतलं.

वस्ताद, माझा कॉलेजातला मित्र, गेला त्याला सहा महिने होऊन गेले. त्याचं पाळण्यातलं नाव निराळं, पण ते हजेरीपटावरच राहिलं. वस्ताद म्हणजे तालमीत पोरांना कुस्तीचे डाव शिकवणारा धिप्पाड माणूस. हा गडी इतका किडकिडीत की एप्रनमध्ये त्याच्यासारखे दोन मावले असते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चेष्टेनं वस्ताद म्हटलं. त्यानं ओ दिली. संपलं.

आषाढात गेला. रात्री छातीत दुखलं आणि पहाटेपर्यंत खेळ आटोपला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशाऱ्याची आणि 43 ला धोक्याची. पण त्याच्या गावाला, प्रयाग चिखलीला, जाणारा रस्ता त्या आकड्यांची वाट बघत बसत नाही. वहिनींनीच फोनवर सांगितलं, "भावजी, येऊ नका. गावात पाणी शिरतंय, आमीच सोनतळीला निघालोय." रस्ता बंद होता हे खरं. तो आठवड्याभरात उघडला हेही खरं. आणि मी निघालोय जानेवारीच्या शेवटी.

31 जानेवारी

मिरजेला जाग आली. चहावाल्याच्या आवाजानं नव्हे, सवयीनं. गाडीनं मिरज सोडलं की वस्तादचा फोन यायचा. "मिरज सोडलं काय?" बस, एवढंच. मग तो चिखलीतून मोटरसायकल काढायचा आणि गाडी लागेपर्यंत फलाटावर हजर. मोबाइल नव्हते तेव्हा नुसत्या अंदाजावर यायचा आणि गाडी दोन तास उशिरा आली तर दोन तास उभा. मी म्हणायचो, अरे, मी रिक्षानं येईन की. त्यावर ठरलेलं उत्तर, "थांबतो की मी. काम काय हाय मला?" कामं त्याला ढीगभर होती.

जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. रुकडीच्या पुलावरून पंचगंगा बघितली. उन्हाळ्याआधीची, शेवाळी रंगाची, अगदी गरीब. हीच आषाढात गावं गिळते हे सांगून खरं वाटणार नाही. कडेनं ऊस, बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि मळीचा तो आंबूस वास. गाडी नेहमीप्रमाणे स्टेशन दिसायला लागल्यावर बाहेरच उभी राहिली.

फलाटावर उतरून उगाचच दोन मिनिटं थांबलो. मग रिक्षा केली.

भवानी मंडपाजवळच्या लॉजवर सामान टाकून मिसळ खाल्ली. कुठली ते सांगत नाही. कोल्हापुरात मिसळीचं नाव घेणं म्हणजे भांडण विकत घेणं. स्लाइस ब्रेड, वरून कट आणि 'आणि वाढू काय' म्हणत पातेलं घेऊन फिरणारा पोरगा, हे सगळं जागच्या जागी आहे. पुण्या-मुंबईत कोल्हापुरी म्हणून जे लालभडक तिखट वाढतात त्याचा इथल्या चवीशी संबंध नाही. इथल्या कटात तिखटापेक्षा मसाला बोलतो.

दुपारी राजाराम कॉलेजला गेलो. हे कॉलेज 1880 सालचं. गोपाळ कृष्ण गोखले इथे शिकले, ना. सी. फडके आणि माधव जूलियन इथे शिकवून गेले. आम्ही 1991 ते 94 या तीन वर्षांत त्यातलं काहीही अंगाला लावून घेतलं नाही. आमचा सगळा जीव केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये अडकलेला. मी कणकवलीहून आलेला, शिवाजी पेठेत खोली घेऊन राहिलेला. तो चिखलीहून सायकलनं येणारा, डब्यात भाकरी, झुणका आणि माझ्यासाठी वेगळी बांधलेली दह्याची बरणी. आडनावांच्या क्रमानं आम्ही एका टेबलावर आलो. मैत्रीचं कारण एवढंच. पुढं लोक त्यात फार काय काय शोधायचे.

प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलो. आत तास चालू होता म्हणून गेलो नाही. वास मात्र दारापर्यंत आला आणि शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल जसंच्या तसं समोर उभं राहिलं. मला मिळालेला क्षार काही केल्या ओळखू येईना. धातू सापडला होता, आम्ल सापडेना. घड्याळ पळत होतं. पलीकडच्या टेबलावरून वस्तादनं माझ्या परीक्षानळीकडे एकदा पाहिलं आणि उजव्या हाताच्या बोटात नसलेली अंगठी फिरवायला लागला. मी बघतोय, हा फिरवतोय. अंगठी. कडं. अरे, तपकिरी कडं! नायट्रेट! फेरस सल्फेटचं ताजं द्रावण घातलं, नळी तिरकी धरून कडेकडेनं सल्फ्युरिक आम्ल सोडलं आणि दोन थरांच्या मध्ये ते कडं हळूच उमटलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेवढ्यात वस्तादला हटकलं. "काय चाललंय बोटाचं?" हा शांतपणे म्हणाला, "गजकर्ण झालंय सर." त्यांनी दोन पावलं मागं घेतली. मला त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले.

संध्याकाळी अंबाबाई. खरं तर याच दिवसांसाठी तारीख धरली होती. देवीचं तोंड पश्चिमेला. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात 9, 10, 11 ला आणि आता 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून थेट गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरे-छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा संकेत. संकेतच म्हणायचं, कारण ढग, धूळ आणि रस्त्यावर वाढलेल्या इमारती यांना कोणी तारखा कळवलेल्या नसतात.

सहाच्या आधी आत जागा धरली. आतले दिवे मालवले. एक पिवळसर पट्टा फरशीवरून सरपटत यायला लागला. कासव चौक, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा. वरून सूर्य खाली जातो तसा हा पट्टा आत आणि वर चढतो. गर्दी इतकी गप्प की शेजारच्या आजींच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. सव्वासहाच्या सुमारास पायांवर उजेड आला, थोडा वर सरकला आणि फिका होऊन गेला. दिवे लागले, घंटा सुरू झाली, आणि मागून धक्का, "चला, चला, पुढं सरका."

कॉलेजच्या तीन वर्षांत आम्ही पाच-सहा जण दर वेळी किरणोत्सवाला यायचो. आज बाहेर येऊन चप्पल स्टँडवर टोकन देताना आठवलं, वस्ताद एकदाही आत आला नाही. पहिल्याच वर्षी आमच्यातल्या एकाची, चप्पल लाईनच्या बाजारातून घेतलेली कोरी करकरीत कापशी चप्पल इथून चोरीला गेली होती. त्यानंतर याचा स्टँडवर विश्वास नाही. "जावा तुमी, बघून या. थांबतो की मी." सहा जोड चपला पुढ्यात मांडून तो महाद्वाराच्या बाहेर भिंतीला टेकून उभा. आम्ही बाहेर येऊन रंगवून सांगायचो, तो ऐकून घ्यायचा. इथलाच असून त्यानं ते कधी पाहिलं नाही, आणि कोकणातून आलेल्या मी पाच वेळा पाहिलं. आमच्यातल्या कुणाला कधी असं वाटलं नाही की एकदा आपण बाहेर राहावं.

1 फेब्रुवारी

चिखली. पंचगंगा घाटावरून शिवाजी पूल ओलांडला की आंबेवाडी आणि पुढं चिखली. सात-आठ किलोमीटर, पण पूल ओलांडला की शहर एकदम संपतं.

गावाच्या अंगाला कासारी आणि भोगावती मिळतात. भोगावतीनं तुळशी आणि कुंभी आधीच पोटात घेतलेल्या असतात. पाचवी सरस्वती, गुप्त. अशा पाच म्हणून पंचगंगा आणि संगम म्हणून प्रयाग. संक्रांतीला इथे स्नानाला गर्दी होते. पाण्यानं गावाला देव दिला आणि पूरही दिला. 1989 च्या पुरानंतर सोनतळीच्या माळावर गावाला जागा मिळाली, काहींनी घरं बांधली, काहींचं अर्धं बिऱ्हाड अजून खालीच. शेत खाली, गोठा खाली. माणूस माळावर झोपून खालची म्हैस कशी सांभाळणार?

ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा मी डोंबिवलीत टीव्हीसमोर बसून होतो. गाव रिकामं करायला बोटी आल्या. वस्तादनं आईला, वहिनींना आणि मुलीला बोटीत बसवलं आणि स्वतः दूध संस्थेच्या गच्चीवर राहिला. म्हशींची दावी कापून सोडून दिल्या होत्या, त्या परत आल्या तर कोणीतरी ओळखीचं दिसायला हवं, हे त्याचं कारण. तीन दिवस. फोन बंद. चौथ्या दिवशी लागला तेव्हा मी शिव्या घातल्या. तो म्हणाला, "दोन आल्या रे." बाकीच्या तीन नाही आल्या, ते त्यानं सांगितलं नाही. मी पैसे पाठवले. ते पंधरा दिवसांनी परत आले आणि मागोमाग कुरिअरनं गुळाची ढेप.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. ही निष्ठा सोसायला सोपी नव्हती. कॉलेजात एका मुलाशी माझं भांडण झालं, चूक उघड माझी होती, तरी हा माझ्या बाजूनं हातघाईवर आला आणि दात पाडून घेतला. मी म्हटलं, अरे, चूक माझी होती. "म्हाईत हाय," म्हणाला. अशा माणसापुढे आपण फार लहान दिसतो, आणि ते रोज कोण सहन करणार? मुंबईला गेल्यावर मी फोन कमी केले त्याचं एक कारण हेही असावं.

दुसरं कारण पैशाचं. 1997 साली मी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं, जामीन हा. पुढं माझी नोकरी गेली आणि आठ हप्ते थकले. नंतर भरायला गेलो तर खात्यावर काहीच थकलेलं नाही. तिथल्या शिपायानं सांगितलं, चिखलीच्या दूध संस्थेचे ते सचिव महिन्याच्या महिन्याला येऊन भरून जातात. मी मनिऑर्डर केली, ती परत आली. समोरासमोर विषय काढला तर त्यानं म्हशीचा विषय काढला. तेव्हापासून तो हिशेब तसाच.

घरी पोचलो तर त्याची आई सोप्यात बसलेली. ऐंशीच्या पुढं. हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "उशीर केलास बाळ." गाडीला उशीर झाला असं समजून मी काहीतरी बोललो. ती गप्पच राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते मग कळलं.

वहिनींनी जेवणाचा घाट घातला होता. तांबडा, पांढरा, सुकं. मी म्हटलं, कशाला एवढं? तर म्हणाल्या, "ते असते तर केलंच असतं की, मला आज काय सुट्टी हाय?" पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा असतो, तो मी नेहमी भातावर घ्यायचो आणि वस्ताद दर वेळी कपाळाला हात लावायचा. आजही भातावर घेतला. कोणी काही म्हणालं नाही.

जेवण झाल्यावर खिशातलं पाकीट काढलं. मुलीच्या शिक्षणाला म्हणून. आठ हप्ते, त्यावर इतक्या वर्षांचं जे काय होईल ते, मी आपलं मनाशी गणित करून आणलेलं. वहिनींनी पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. "भावजी, ते तुमचं आणि त्यांचं. मला त्यात घालू नका." आणि ताटं उचलून आत गेल्या. पाकीट परत खिशात. अजून तिथेच आहे.

दुपारी मुलगी मला दूध संस्थेत घेऊन गेली. वस्तादनं बी. एस्सी.चं सगळं रसायनशास्त्र या एका खोलीत खर्च केलं. आता मशीन आहे, दूध घातलं की आकडा. पण फळीवर त्याचं जुनं सामान तसंच होतं, ब्युटिरोमीटर, म्हणजे दुधातली फॅट मोजायच्या नळ्या, लाकडी घडवंचीत ओळीनं उभे. तो मला करून दाखवायचा. दहा मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर कडेनं पावणेअकरा मिली दूध, मग एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच घट्ट लावून हलवायचं. नळी हातात भाजण्याइतकी तापते आणि दुधाचं चॉकलेटी पाणी होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये घालून गरागरा फिरवलं की स्निग्धांश वर मानेत येऊन थांबतो आणि रेघांवर फॅट वाचायची. "हे बघ आपलं तपकिरी कडं," म्हणायचा. त्याच्या प्रत्येक शर्टाला पोटावर आम्लाची बारीक बारीक भोकं. लग्नातल्या शर्टालासुद्धा.

मुलीनं एक नळी उचलून खिडकीकडे धरली. "बाबा मशीन आल्यावरबी महिन्यातनं एकदा हे लावून बघायचे. कुणाचा एक पॉइंट जरी मारला गेला तर म्हशीची हाय लागते म्हणायचे."

रक्षा नदीत सोडली नव्हती. बांधावर खड्डा काढून त्यात घातली आणि आंब्याचं रोप लावलं. रोप कमरेएवढं आहे, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. एका बाजूनं शेळीनं शेंडा खाल्लाय. मी बाटलीतलं पाणी घातलं. मुलगी म्हणाली, "सकाळीच घातलंय काका, जास्त झालं तर कुजंल." मग नुसते उभे राहिलो.

किरणोत्सव चुकला. लॉजवर टीव्हीवाल्यानं सांगितलं, आज ढगामुळं किरणं उंबऱ्यापर्यंतच आली.

2 फेब्रुवारी

सकाळ वाया घालवली. रंकाळ्यावर एक फेरी मारली. संध्यामठ निम्मा पाण्याबाहेर होता. तिथला नंदी रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो आणि तळ्याला पोचला की प्रलय, ही गोष्ट मला वस्तादनंच सांगितली होती. 2019 नंतर म्हणाला, नंदी बहुतेक आमच्या गावाच्या बाजूनं निघालाय.

दुपारी शाहू स्टेडियमवरून गेलो तर आतून आरडाओरडा. फुटबॉल. वस्ताद गावाकडचा, पण पेठेतल्या एका तालमीच्या संघाला त्यानं जीव लावला तो कायमचा. संघाचं नाव लिहीत नाही, पेठेतले वाचतात. तो संघ आमच्या तीन वर्षांत एकही मोठा सामना जिंकला नाही आणि यानं एकही सामना चुकवला नाही. तिकीट काढून अर्धा तास बसलो. कोण खेळतंय तेही कळलं नाही.

चारला मुलीचा फोन. काहीतरी द्यायचंय म्हणून शहरात आली होती. तुपाची बरणी आणि, अर्थातच, गूळ. रात्रीची गाडी होती, वेळ होता. विचारलं, किरणोत्सव बघितलायस कधी? "न्हाई. बाबा न्यायचेच न्हाईत. म्हणायचे, लई गर्दी असती, चपला जात्यात." आम्ही दोघंही हसलो.

महाद्वारापाशी पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. चप्पल स्टँडवर रांग. ती टोकन घ्यायला वळली तर मी म्हटलं, राहू दे, तू जा. "आणि तुमी?"

मी बघितलंय, म्हटलं.

तिच्या चपला घेऊन भिंतीला टेकलो. बाजूला सोलापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही हितंच हाय का?" हो म्हणताच त्यांच्याही चार जोड माझ्या पुढ्यात. मग आणखी कुणाच्या तरी दोन. देवस्थानचा माणूस शिट्टी वाजवत मधल्या लोकांना हटवत होता. "मधी कुणी थांबायचं न्हाई, किरणं अडत्यात, कडंला व्हा." मी कडेलाच होतो. तेव्हा समजलं, वस्ताद नेमका या भिंतीला का टेकायचा.

इथून देवी दिसत नाही. आतला अंधार आणि लोकांच्या पाठी दिसतात. पण मान वळवली की समोर, रंकाळ्याच्या अंगाला, दोन इमारतींच्या फटीत सूर्य. लाल नव्हे, पिकलेल्या पपईसारखा. तो उतरत होता आणि उजेड माझ्या खांद्याला घासून आत चालला होता. हवेतली धूळ त्यात तरंगत होती. समोरच्या हारवाल्यानं आपली टोपली उचलून बाजूला घेतली, रोजच्या सवयीनं. आतून एकदम हुंकारासारखा आवाज आला, मग घंटा. इथं बाहेर सूर्य अजून टिकलीएवढा शिल्लक होता.

माणसं बाहेर यायला लागली. सोलापूरवाल्यांनी चपला घातल्या आणि मला प्रसादाचा लाडू दिला. मुलगी सगळ्यात शेवटी आली, डोळे चोळत.

"कुठवर आली?"

"गळ्यापर्यंत. थोडं हनुवटीला लागलं." मग तिनं खाली बघितलं. "काका, ही माझी न्हवं. माझीचा पट्टा काळा होता."

मी भिंतीकडे बघितलं. जागेवर एकच जोड उरला होता, तपकिरी पट्ट्याचा, तिच्या पायाला दीड बोट मोठा.

आम्ही चप्पल लाईनकडे चालायला लागलो. दुकानं अजून उघडी असणार, आणि गाडीला अजून दोन तास होते.